पोवळ्यांवर पोट चालेल काय?

गेल्या दिवाळीच्या सुमारास गिरगांवांतील आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें पत्र आलें. आमचें हें सदर त्यांच्या घरीं आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वजण वाचतात, आणि घरांत एखाद्या प्रश्नावर दोन तट पडले म्हणजे ‘मास्तरांना विचारा’ असा ठराव होतो. या खेपेचा वाद त्यांच्या पुतणीवरून उपस्थित झाला होता. मुलगी एकवीस वर्षांची. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेली. तिनें एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, आपणांस समुद्रांतील प्रवाळांचा अभ्यास करावयाचा आहे व तोच जन्माचा व्यवसाय करावयाचा आहे. थोरल्या काकांनीं, म्हणजे खुद्द पत्रलेखकांनीं, बँकेच्या परीक्षेचा अर्ज पुढें केला. धाकटे काका म्हणाले, समुद्रांत बुड्या मारण्याचा धंदा आपल्या घराण्यांत कोणीं केलेला नाहीं. मुलीचे वडील गप्प बसले. आजींनीं मात्र गळ्यांतील माळेवर हात ठेवून विचारलें, ‘अग, एवढ्याशा पोवळ्यावर कोणाचें पोट चाललें आहे का?’

पत्राच्या शेवटीं आमचा अभिप्राय मागितला होता, आणि तो ‘योग्य तोच’ यावा अशी सूचनाहि होती.

उपदेश करण्याची आम्हां मास्तरलोकांना खोडच असते. परंतु या वेळीं उत्तर लिहावयास बसलों तों हात अडखळला. कारण असा एक सल्ला आम्हीं पूर्वीं दिलेला आहे.

१९८२ च्या गिरणी-संपानंतरचीं तीं वर्षें. आम्ही परळच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. लालबागचा एक मुलगा आमच्या वर्गांत होता. वडिलांची गिरणी बंद पडलेली आणि घरांत खाणारीं तोंडें सहा. हा मुलगा दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास वरळीच्या खडकांवर जाई आणि ओहोटींत जें जें दृष्टीस पडे त्याचें चित्र व टिपण एका वहींत उतरवी. ती वही त्यानें एकदां मोठ्या उमेदीनें आमच्यापुढें ठेवली. आम्हीं अक्षराची तारीफ केली, दोनचार ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि सांगितलें, ‘हें आतां पुरें कर आणि टंकलेखनाचा वर्ग लाव.’ मुलगा आज्ञाधारक होता. तो टंकलेखन शिकला, त्याला नोकरी लागली, घर तरलें. त्या घरची परिस्थिति पाहतां आमचा सल्ला खोटा होता असें आम्हांला आजहि वाटत नाहीं. पण तो अर्धा होता. लालबागहून एका बसनें जातां येईल इतक्या अंतरावर, फोर्टांत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. नोकरी संभाळून त्या मुलानें तेथें महिन्यांतून एकदां जरी पाऊल टाकलें असतें, तरी त्याची वही कोणा जाणत्याच्या डोळ्यांखालून गेली असती. त्या संस्थेचें नांवहि आम्हीं त्याला सांगितलें नाहीं. कां, तर अशा मुलाची कोणाशीं ओळख करून देणें हें मास्तराचें काम आहे, असें तेव्हां आमच्या मनांतच आलें नव्हतें.

म्हणून या खेपेस आम्हीं स्नेह्यांकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली, आणि जाणत्यांकडे चौकशी केली. तिचें फळ येथें सांगतों. कारण हा प्रश्न त्या एकाच घरचा नाहीं.

प्रथम पोवळ्याविषयीं. अमरकोशांत ‘विद्रुम’ आणि ‘प्रवाल’ हे शब्द शेजारीं शेजारीं आले आहेत. द्रुम म्हणजे झाड आणि प्रवाल म्हणजे कोंवळा अंकुरहि. अर्थात् आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांना ही समुद्रांतील वनस्पतीच वाटली असावी. पुढें शालेय भूगोलांत ‘प्रवाळकीटक’ हा शब्द आला, पण तोहि नेमका नाहीं, कारण हा प्राणी कीटक नव्हे. त्याला पॉलिप म्हणतात. एक लहानशी पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोंवतीं स्पर्शकांचें कडें, इतकाच त्याचा देह. असे हजारों जीव एकमेकांस चिकटून वाढतात आणि आपल्या तळाशीं चुन्याचा दगड रचीत जातात. त्यांच्या शरीरांत डोळ्यांना न दिसणारें शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतील मोठा वाटा यजमानास देतें. यजमान त्यास आसरा देतो. एकत्र कुटुंबाची याहून जुनी व्यवस्था सृष्टींत क्वचितच सांपडेल.

आजींच्या माळेंतील मण्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. दागिन्यांतील तांबडें पोवळें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येतें. हिंदुस्थानांतील लोकांना पोवळ्यांची मोठी आवड आहे, असें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांतच नमूद केलें आहे. बेटें आणि खडक बांधणारीं पोवळीं त्यांचीं दूरचीं भावंडें. समुद्राच्या तळाचा शेंकडा एक इतकाहि भाग या खडकांनीं व्यापलेला नाहीं. तरीहि समुद्रांतील सुमारें चतुर्थांश जाती कधींना कधीं त्यांच्या आश्रयानें जगतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लाटांचा जोर मोडून किनारे राखणें व माशांना प्रसूतिगृह पुरविणें, हीं दोन कामेंहि ते करतात.

आज या शास्त्राला माणसें हवींत, त्याचें कारण दुःखाचें आहे. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एखाद अंशानें जरी अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर पोवळीं आपल्यांतील शैवाल बाहेर टाकतात, पांढरीं पडतात, आणि ताप उतरला नाहीं तर उपासमारीनें मरतात. १९९८ सालीं हें संकट पृथ्वीवर सर्वत्र आलें. पुढें २०१० सालीं आलें, २०१४ पासून २०१७ पर्यंत आलें. आणि चवथें संकट चालूं असल्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्यें झाली. लक्षद्वीपचे खडक यांतून पुनःपुन्हा होरपळले आहेत. कोणतें पोवळें तगतें, कोणतें मरतें आणि मेल्यावर पुन्हा कोण उगवतें, हें वर्षानुवर्षें पाण्यांत उतरून मोजणारीं माणसें असल्याशिवाय कळावयाचें नाहीं.

धाकटे काका म्हणतील, ‘हें सारें लक्षद्वीप-अंदमानचें झालें, गिरगांवच्या मुलीचा त्याशीं काय संबंध?’ हिंदुस्थानांतील मोठे प्रवाळप्रदेश चार: कच्छचें आखात, मन्नारचें आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. परंतु आपला किनारा अगदींच कोरडा नाहीं. १९७९ सालीं डॉ. कासिम व डॉ. वफर या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं जिवंत पोवळीं असल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच संस्थेंतील डॉ. परुळेकर यांनीं १९८१ सालीं मालवणच्या सागरी प्राणिसृष्टीवर लेख लिहिला. १९८७ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरवर पाण्याखालीं एक विस्तीर्ण पठार आहे. त्यावर पोवळ्यांची मोठी वस्ती आहे, आणि त्याचें नांव कान्होजी आंग्र्यांवरून ‘आंग्रिया’ असें पडलें आहे.

खुद्द मुंबईची गोष्ट तर याहून नवलाची. वरळी आणि हाजीअली येथील खडकांवर, आपल्या गढूळ पाण्यांत, लहान लहान पोवळीं आहेत. किनारी रस्त्याचें काम सुरू झालें तेव्हां तीं वाटेंत आलीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत पोवळ्यांचा समावेश २००१ सालीं झाला असल्यानें, वनखात्याच्या परवानगीवांचून त्यांस हात लावणें हा गुन्हा ठरतो. तेव्हां २०२० सालीं परवानगी काढून, समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या साह्यानें, त्या वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावण्यांत आल्या. त्यांतील कांहीं कुलाब्यास नेल्या. तें करणें उचित होतें कीं नव्हतें यावर मतभेद आहेत. पण असला प्रसंग उद्भवला असतां पोवळें ओळखणारा, मोजणारा आणि त्यावर सही करणारा मनुष्य लागतो, एवढें तरी निर्विवाद आहे. तें माणूस आपल्या चाळींतून कां निघूं नये?

आतां पोटाचा प्रश्न. तो आम्हीं टाळणार नाहीं. कारण तो टाळून दिलेला उपदेश फक्त व्यासपीठावर शोभतो.

बी. एस्सी. नंतर सागरी विज्ञानाची अथवा सागरी जीवशास्त्राची एम्. एस्सी. करावी लागते. ती गोवा विद्यापीठांत होते. तामिळनाडूंत परंगीपेट्टै येथें अण्णामलै विद्यापीठाचें जुनें केंद्र आहे. कोचीन येथें आहे. आणि पाँडिचेरी विद्यापीठाची एक शाखा थेट पोर्ट ब्लेअरला आहे, जेथें प्रवाळ दाराशींच म्हणावे लागतील. त्यानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन शिष्यवृत्ति मिळाली, तर २०२३ च्या जानेवारीपासून तिचा दर आरंभीं दरमहा ३७,००० रुपये आहे. डॉक्टरेटला पांच वर्षें धरून चालावें. पुढें जागा कोठें? समुद्रविज्ञान संस्था गोव्यास असून तिची एक शाखा आपल्या अंधेरीस आहे, १९१६ सालीं स्थापन झालेलें प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण आहे, १९४७ पासूनची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था आहे, विद्यापीठें आहेत, आणि निसर्गरक्षणाचें काम करणाऱ्या खासगी संस्था आहेत. खरें सांगावयाचें तर कायम जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. कित्येकांचीं पहिलीं सात-आठ वर्षें वर्षा-दोन वर्षांच्या प्रकल्पांवर जातात; प्रकल्प संपला कीं वेतनहि संपतें. कारकुनीप्रमाणें पहिल्या तारखेचा भरंवसा येथें नाहीं. हें ज्या घरास सोसवणार नाहीं, त्यानें तसें मुलीस आधींच स्पष्ट सांगावें; तिसऱ्या वर्षीं कुरकुर करूं नये.

अंगीं आणखी दोन गुण लागतात. एक पोहणें. मुलीनें दादरला शिवाजी पार्कच्या तलावांत जाण्यास आजच आरंभ करावा. पुढें पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याचें रीतसर शिक्षण आपल्याच तारकर्लीस मिळतें. दुसरा गुण आंकडेशास्त्राचा. मोजलेलें तपासून पाहतां आलें नाहीं, तर सारें पोहणें व्यर्थ. संस्कृतांत व्याकरण कच्चें असलेल्या विद्यार्थ्याची जी दशा होते, तीच येथें गणित कच्चें असलेल्याची होते.

मुलीच्या वडिलांची काळजी त्यांच्या मौनांतूनहि आम्हांस ऐकूं आली. मुलगी, आणि बोटींतून परक्या बेटावर! तर १९२८-२९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभित्तीवर एक प्रसिद्ध मोहीम गेली होती. तींत शीना मार्शल, सिडनी मॅन्टन यांसारख्या स्त्रिया बरोबरीनें काम करीत होत्या. आणि समुद्र ओलांडण्याचा निषेध कलिवर्ज्यांत सांगितला असूनहि आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्याच. गेलेल्या मुलीच्या मागें घर उभें होतें कीं नाहीं, एवढेंच पुढें आठवलें जातें. अर्थात् बोट कोणाची, बरोबर कोण, निवास कोठें आणि पाण्यांत जोडीदार कोण, हे प्रश्न वडिलांनीं अवश्य विचारावे. बुडीच्या शास्त्राचाहि एक मुख्य नियम हाच आहे कीं, एकट्यानें कधीं उतरूं नये.

परंतु सर्व चौकशींत जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली, ती पदवीची नव्हे आणि पोहण्याचीहि नव्हे. ती ओळखीची. या शास्त्रांत जागांच्या जाहिराती निघतात त्याच्या कितीतरी आधीं ‘हें काम कोण नीट करील?’ असा प्रश्न दहा माणसांत विचारला जातो, आणि त्या दहांपैकीं कोणाच्या तरी तोंडीं आपलें नांव यावें लागतें. हें ऐकून आमचे स्नेही पटकन् म्हणाले, ‘म्हणजे वशिलाच कीं!’ नव्हे. वशिला म्हणजे काम न पाहतां केलेली शिफारस. ओळख म्हणजे काम पाहून लक्षांत ठेवलेलें नांव. वशिला काकांचा असतो, ओळख स्वतःची असते. आपल्या घरांतून या दोहोंची गल्लत होते, म्हणून कित्येक सज्जन मुलें वशिल्याच्या तिटकाऱ्यानें ओळखहि करून घेत नाहींत आणि गुण असून कोपऱ्यांत राहतात.

गिरगांवांतीलच उदाहरण सांगतों. सालिम अली हे खेतवाडींत वाढलेले. १९०८ च्या सुमारास, लहान मुलगा असतां, त्यांनीं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग आढळला. मामांनीं चिठ्ठी देऊन मुलाला नॅचरल हिस्टरी सोसायटींत मिलर्ड यांच्याकडे पाठविलें. मिलर्ड यांनीं पक्षी ओळखून दिला, संग्रह उघडून दाखविला, वाचावयास पुस्तकें दिलीं. मामांनीं केलें तें इतकेंच. पुढें मोठी पदवी नाहीं म्हणून सरकारी जागा हुकली, तेव्हां त्यांनीं जर्मनींत श्ट्रेझेमान यांच्यापाशीं जाऊन शिक्षण घेतलें. आणि पुढील सारें आयुष्य स्वतःच्या कष्टांवर उभें केलें. घरानें दार दाखवावें. आंत काय करावयाचें तें मुलाचें मूल जाणे.

प्रवाळशास्त्राच्या मंडळींत तर हिंदुस्थानाचा मान जुना आहे. जगांतील प्रवाळशास्त्रज्ञ दर कांहीं वर्षांनीं एका मोठ्या परिषदेस जमतात. त्या परंपरेंतील पहिली परिषद १९६९ च्या जानेवारींत रामेश्वरजवळच्या मंडपम् येथें भरली, आणि ती भरविली भारतीय सागरी जीवशास्त्र संघानें. दुसरी १९७३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर एका जहाजांतच भरली. १९८० सालीं या लोकांनीं आपला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्याचें विद्यार्थ्यांस सभासद होतां येतें. मंडळी जगभर पसरलेली असली तरी संख्येनें मोजकी आहे. एखाद्या जुन्या वाड्याप्रमाणें सर्वांस सर्वांची खबर असते. कोणी दुसऱ्याचीं टिपणें आपलीं म्हणून छापलीं तर तीहि खबर तितक्याच वेगानें फिरते.

ओळख कशी करावी, याची तालीम आम्हीं त्या मुलीकडूनच करून घेतली. तिनें एका शास्त्रज्ञांस लिहिलेलें पत्र आम्हांस दाखविलें. ‘मला आपल्या विषयांत अत्यंत रुचि आहे, कृपया संधि द्यावी,’ असा त्याचा सारांश. आम्ही म्हटलें, ‘बाळ, हें पत्र कोणासहि पाठवितां येईल, म्हणून तें कोणीहि वाचणार नाहीं. आधीं त्यांचा एक लेख सबंध वाच. त्यांतील न कळलेला एकच प्रश्न विचार. आणि तूं स्वतः काय पाहिलेंस तें दोन ओळींत लिही.’ दुसरें पत्र सात ओळींचें झालें. हाजीअलीस अमुक तिथीस, अमुक वेळीं, असें पोवळें दिसलें. आपल्या लेखांतील वर्णनाशीं तें जुळतें, पण कडेचा रंग निराळा आहे. तो कशामुळें असावा? सोबत छायाचित्र. चवथ्या दिवशीं उत्तर आलें, आणि त्यांत एक उलट प्रश्न होता. आमच्या मतें ओळखीचा जन्म त्या उलट प्रश्नांत झाला.

दुसरें तत्त्व, मागण्याआधीं द्यावें. २०१७ सालापासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नांवानें कांहीं मंडळी गिरगांव चौपाटी, हाजीअली इत्यादि ठिकाणीं ओहोटीच्या वेळीं लोकांना घेऊन जातात, आणि दिसलेल्या प्राण्यांची स्थळकाळासह नोंद करतात. अशा कामांत वर्षभर निमूटपणें नोंदी केलेल्या मुलीचें नांव आपोआप लोकांच्या ध्यानांत राहतें. तिसरें तत्त्व, मोठ्यांच्याच मागें लागूं नये. आज बरोबर उमेदवारी करणारे समवयस्कच वीस वर्षांनीं संस्थांचे चालक होणार. त्यांना वही द्यावी, त्यांची चूक एकांतांत सांगावी, त्यांच्या यशाचें कौतुक मोकळेपणानें करावें. चवथें तत्त्व आम्हां पांढरपेशांस विशेष सांगण्याजोगें आहे. समुद्राची जुनी विद्या कोळीवाड्यांत आहे. कोणत्या खडकावर काय लागतें, वारा केव्हां फिरतो, सुकती कुठवर जाते, हें ज्या तांडेलाकडून शिकलों त्याचें नांव लेखाच्या आभारांत आलेंच पाहिजे. गुरूचें नांव न घेणाऱ्यास आपल्या शास्त्रांत काय म्हटलें आहे, तें वाचकांस सांगावयास नको.

हें सर्व लिहून पाठवावें असा आमचा विचार होता. पण मुलीनें त्याहून चांगली युक्ति काढली. तिनें घरच्यांनाच खडकांवर बोलावलें. दिवस कोणता, हें ठरवावयास थोरल्या काकांनीं पंचांग काढलें. अमावास्येस आणि पौर्णिमेस मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारीं बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पुढें तिथीगणिक पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर. अष्टमीच्या भांगांत पाणी फारसें हटतच नाहीं. हा हिशेब मुलीनें सांगतांच काका चकित झाले. ज्या पंचांगावर ते आजवर मुहूर्त पाहत आले, तेंच तिच्या शास्त्राचें वेळापत्रक निघालें. पौष अमावास्येची संध्याकाळ ठरली. ‘अवसेला कोणी शुभकार्यास निघतें का?’ असें आजी म्हणाल्या, पण गेलों.

आम्ही दगडावरून घसरण्याच्या वयाचे, तेव्हां कांठालगतच उभे राहिलों. मुलगी पुढें झाली, वांकली, आणि काकांस हात देऊन जवळ नेलें. दोन खडकांच्या बेचक्यांत, चिखलाच्या पाण्यांत, दोन रुपयांएवढें एक काळसर पोवळें होतें. त्यावर पांढऱ्या रेघांचीं इवलींइवलीं चक्रें. ‘हात लावूं नका हं काका,’ ती म्हणाली, ‘याला कायद्यानें वाघाइतकें संरक्षण आहे.’ काका बराच वेळ उकिडवे बसून पाहत होते. परत येतांना त्यांनीं फक्त एक प्रश्न विचारला, ‘तें बुडी मारण्याचें शिकवणारे किती घेतात?’

त्या रात्रीं घरांत जो ठराव झाला, तो असा. एम्. एस्सी.चा आणि बुडीच्या शिक्षणाचा खर्च तिघां भावांनीं वांटून घ्यावा. पांच वर्षें तिला नोकरीबद्दल कोणीं टोंचूं नये. लग्नाची गोष्ट तिनें काढल्यावांचून काढूं नये. पांच वर्षांनीं तिनें स्वतः हिशेब घरापुढें ठेवावा. शिष्यवृत्ति नाहीं आणि कामहि नाहीं असें दिसलें, तर शिक्षकी किंवा दुसरा मार्ग तिनें मोकळ्या मनानें घ्यावा, आणि त्यास कोणीं अपयश म्हणूं नये. यांतील शेवटचें कलम आजींनीं घातलें.

उरली आमची स्वतःची गोष्ट. लालबागचा तो विद्यार्थी आतां पन्नाशी ओलांडलेला आहे. आम्हीं त्याचा पत्ता शोधून काढला आणि भीत भीत वहीची चौकशी केली. त्यानें पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. वही एक नव्हती, अकरा होत्या. नोकरी लागल्यावरहि तो कित्येक वर्षें रविवारीं वरळीला जात होता; पुढें संसार वाढला आणि जाणें सुटलें. प्रत्येक पानावर तारीख, तिथि, ठिकाण, पाण्याची रेषा कुठवर होती तें, आणि चित्र. ‘सर, तुम्हीं पुरें कर म्हणालांत, पण तेवढें ऐकलें नाहीं,’ तो हंसून म्हणाला. त्या हंसण्यांत राग नव्हता, म्हणून तें आम्हांस अधिक लागलें.

त्या वह्या आम्हीं मुलीस नेऊन दाखविल्या. ती पहिल्याच पानावर थांबली. ज्या खडकांवर आतां भराव आहे, तेथें पस्तीस वर्षांपूर्वीं काय राहत होतें, याची नोंद त्या पानांत होती; आणि पूर्वीं काय होतें तें कळल्याशिवाय काय गेलें तें शास्त्रास सांगतां येत नाहीं. आतां दर रविवारीं ती लालबागला जाते आणि दोघें मिळून वह्यांची नक्कल उतरवितात. ती छापावयाची वेळ येईल तेव्हां पहिलें नांव त्याचें राहील, असें तिनें आम्हांस आपण होऊन सांगितलें.

आजींच्या प्रश्नाचें उत्तर पांच वर्षांनीं मिळेल. आम्हीं मात्र एक ओळख करून दिली. ती पस्तीस वर्षें उशिरा करून दिली, एवढेंच.